उलटं घालून ऐका

बारामती,
१२ जानेवारी २०२५

फकीरभाई,

नमस्कार मागाहून करतो. आधी तक्रार नोंदवून घ्यावी.

तुम्ही मेमरी कार्ड ज्या कागदात गुंडाळून पाठवलंत, तो दिनदर्शिकेचा कागद होता आणि त्याच्या पाठीवर उपवासाच्या कचोरीची कृती होती. ती 'रताळी उकडून सोलून घ्यावीत, मग त्यात' इथवर येते आणि तिथे तुमची कात्री येते. मग त्यात काय? माझ्या घरात चार दिवस यावर खल चालू आहे. सौ. म्हणते शिंगाड्याचं पीठ, लेक श्रेया म्हणते दाण्याचं कूट, आणि एकतीस वर्षं संस्कृत शिकवून अध्याहृत पदं भरत आलेला मी आयुष्यात प्रथमच निरुत्तर झालो आहे. नखाएवढी वस्तू पाठवण्यासाठी तुम्ही ज्ञानाची अशी मधोमध कत्तल करावी, हे तुमच्यासारख्या कारागिराला शोभत नाही. उरलेला तुकडा शोधून पाठवावा.

आता गाणं. फोनवर गाण्याविषयी बोलायचं नाही हा आपला नियम सहा वर्षं टिकला आहे आणि टिकलेलाच बरा. छायानटावरून मी फोन आपटला होता आणि तुम्ही दोन महिने आमचा मिक्सर दुरुस्त केला नव्हता, ते दिवस सौ. अजून विसरलेली नाही. योगिनीबाई निमगावहून रोज आमच्या शाळेत शिकवायला येतात आणि त्यांच्या पर्समधून आपलं टपाल चालतं. दोन मध्यमवयीन माणसांची मैत्री टिकायला एवढं अंतर पुरेसं आहे.

सणसरच्या केमिस्टसाहेबांच्या पश्चात त्यांच्या सुनेनं कॅसेटींची दोन खोकी भंगारात काढली आणि तुम्ही ती उचलून आणून एकेक कार्डावर उतरवू लागलात, त्याला आता वर्ष होईल. घरगुती बैठकांची ध्वनिमुद्रणं, एकावरही नाव नाही. गवयाचं नाव माहीत नसताना कान किती प्रामाणिक होतो हे मला या खोक्यांनी शिकवलं. नाव कळलं की आपण गाणं ऐकत नाही, नाव ऐकतो.

तर क्रमांक तेरा. मारवा. हे बुवा चाळीस मिनिटं षड्जाच्या दारावरून येरझाऱ्या घालतात आणि कडी काही वाजवत नाहीत. मी त्या दिवशी शाळेची कसलीशी ऑनलाइन माहिती तीनदा भरून आलो होतो. तिन्ही वेळा ती यंत्रानं गिळली. दमलेल्या माणसाला मारवा बरा वाटतो. त्यात कुणालाच कुठे पोचायचं नसतं.

क्रमांक चौदा. बागेश्री. या बाई मध्य सप्तकात सोनं आहेत, पण तार षड्जावर गेल्या की केसभर चढ्या. प्रत्येक वेळी. एवढ्या तयारीच्या बाईकडून हे होणं शक्य नाही, म्हणून मी दोष तुमच्या यंत्रावर ठेवतो. पट्टा ताणला असावा. तपासावा.

घरातही हीच साथ आहे. दिवाळीपासून श्रेयाचा तार षड्ज असाच चढायला लागला आहे. पुण्याच्या बाईंनी पाडव्यापर्यंत तिचं अर्ध्या तासाचं मुद्रण मागितलंय. पसंत पडलं तर घरी ठेवून घेऊन शिकवणार. सहा वर्षांत त्यांनी दोनच मुली घेतल्या आहेत आणि श्रेया आता तेविसाची झाली, तेव्हा ही वेळ परत येणारी नव्हे. मी सांगून टाकलं, षड्ज बसल्याशिवाय घरातून काही बाहेर जायचं नाही. पोरगी शहाणी आहे. सा लावला की माझ्या तोंडाकडे बघते. माझी भुवई वर गेली की तिला कळतं. सौ. म्हणते, ती सुराची पेटी विकून टाका, भुवई पुरे.

कार्ड परत पाठवतो आहे. त्यावर क्रमांक पंधरा म्हणून एक तोडी माझ्याकडून आहे. कोण ते सांगत नाही. खरं काय ते लिहा.

आपला,
हिंदुराव


निमगाव केतकी,
२० जानेवारी

हिंदुराव सर,

सलाम. मी बोलतो तसंच लिहितो, तुमी लाल पेन घिऊन बसू नका.

कागदाचा तुकडा गावला न्हाय. परवीन म्हंती, तिनं त्यात मेथ्या बांधून शेजारी दिल्या. शेजारीन म्हंती, तिनं त्यावर बंब पेटवला. तवा ती कचोरी आता वरच्यालाच ठावं.

मशीन उघडलं. पट्टा नवा घातला, हेड स्पिरिटनं पुसलं. पन सर, एक सांगतो, राग धरू नका. पट्ट्यानं चढलं तर समदंच चढतं. वरचा सा चढंल, खालचा बी चढंल, तबला चढंल, मागं कोनतरी खोकतंय त्याचा खोकला बी चढंल. निस्ता वरचा सा चढवायचा आन् बाकीचं जितल्या तितं ठिवायचं, असलं हुशार मशीन अजून माझ्या दुकानात आलं न्हाय. तरी बी तुमचा शब्द म्हून मी ती बागेश्री तीनदा ऐकली. मला त्या बाईंचा सा जाग्यावर वाटला. तुमचा कान मोठा, म्हून चौथ्यांदा ऐकली. जाग्यावरच हाय.

मारवा मला सोसला न्हाय. मानूस घरी येतोय का न्हाय ह्या घोरात चाळीस मिनिटं गेली. परवीन सैपाकघरातनं म्हनली, "त्यास्नी म्हनावं या आता, कालवन गार झालं."

पंधरा नंबरची तोडी. ही पोरगी कोन ते इचारत न्हाय, नियम हाय. मागं कुकरच्या तीन शिट्ट्या हायत, त्या बी मी ऐकल्या न्हायत असं समजा. तोडी अजून कवळी हाय. पोरगी घाई करती, तान घेताना दम चोरती. पन वरचा सा? सर, खुट्टा ठोकल्यागत. मी हातातलं काम ठिवून बसलो. मोबाईलची काच बदलायला एक गिऱ्हाईक आलतं, ते बी गप उभं ऱ्हायलं. मंग म्हनलं, "चाचा, रडताय व्हय?" म्या म्हनलं, "सोल्डरचा धूर गेलाय डोळ्यात, काच न्यायची तर सांजच्याला ये."

लगीनसराई हाय. सकाळधरनं डीजेचा फाटलेला कर्णा दुरुस्त करतोय. दिवसभर 'च्येक च्येक, हॅलो' ऐकून डोसकं भनभनतं. रेडिव शिकलो तवा वाटलं हुतं, जल्मभर गानी ऐकत काम करायचं. झालं उलटंच. तुमचं कार्ड आलं की डोसक्यावर गार पानी घेतल्यावानी वाटतं, म्हून लवकर धाडत जा.

फकीर


बारामती,
२ फेब्रुवारी

फकीरभाई,

क्रमांक पंधराबाबतची तुमची साक्ष फेटाळण्यात येत आहे. साक्षीदारानं कुकरच्या शिट्ट्यांवरून आरोपी ओळखला. ही आरोपी गेली पंधरा वर्षं दर ईदला साक्षीदाराच्या घरी जाऊन, 'चाचा, अजून एक वाटी' म्हणत शीरखुर्मा खात आलेली आहे. अशा साक्षीला आमच्या न्यायशास्त्रात आप्तवाक्य म्हणत नाहीत, लाड म्हणतात. वर्गात मी पहिल्याच आठवड्यात सांगतो, कावीळ झालेल्या माणसाला पांढराशुभ्र शंख पिवळा दिसतो. दोष शंखात नसतो. तुम्हाला मायेची कावीळ झाली आहे. औषध नाही, पथ्यही नाही. तुमचा सोल्डरचा धूर मात्र मी सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, निदान कुणीतरी रडलं.

बागेश्रीबद्दल तुम्ही चार वेळा ऐकून चार वेळा चुकलात. माझ्याकडे आता पुरावा आहे. सौ.नं मला कानात घालायच्या तारा आणून दिल्या. हल्ली मी गाणं फार मोठ्यानं लावतो अशी गल्लीची तक्रार आहे म्हणे. गल्लीला एरवी मांडवातले कर्णे चालतात, बागेश्री चालत नाही. असो. या तारांवर बारीक अक्षरांत डावा-उजवा लिहिलेलं असतं. तर परवा शोध लागला तो असा. उजवीकडे बाई सुरात, आणि त्याच क्षणी तीच बाई डावीकडे चढी. एका गळ्यातून दोन षड्ज! एक बोंडूक काढून ऐकलं, दुसरं काढून ऐकलं, फरक स्वच्छ आहे. तुमच्या यंत्राची डावी वाट बिघडलेली आहे. शंख पिवळा आहे, फकीरभाई, आणि तो तुमच्या दुकानात पिवळा झालेला आहे.

बाकी इकडे सगळं नेहमीचं. नववीला संस्कृत घेतलेले अकरा. त्यातल्या नऊजणांनी मार्क पडतात म्हणून घेतलं आणि दोघांनी अर्ज चुकीचा भरला. त्या दोघांना विषय आवडायला लागला आहे, हीच काय ती वर्षाची कमाई.

आज सकाळी श्रेयाला तार षड्जावर अकरा वेळा थांबवलं. बाराव्या वेळी तिनं तंबोरा गवसणीत घातला. रागावून नव्हे, शांतपणे. म्हणाली, "बाबा, मला तो चढा ऐकू येत नाही. पण तुम्हाला येतो, म्हणजे असेल." मला तिचा अभिमान वाटला. स्वतःच्या मताचा एवढा त्याग आजकाल कुठे बघायला मिळतो?

पाडव्याला आठ आठवडे उरले. डावी वाट दुरुस्त करून कळवा.

हिंदुराव


निमगाव केतकी,
६ फेब्रुवारी

सर,

डावी वाट बिघडली न्हाय, कारन डावी वाट न्हायच. केमिस्टसाहेबांचा टेप जुना, एका माईकचा. आवाज एकच हाय, तोच मी दोन्हीकडं सोडलाय. एका टाकीचं पानी दोन नळाला. एका नळाला गोड आन् दुसऱ्याला मचूळ कसं यील?

आमच्या धंद्यात एक रीत हाय. डीजेवाला येतो, म्हंतो डावा कर्णा फाटका वाजतोय. आमी कर्णा लगीच उघडत न्हाय. दोन्हीकडच्या वायरी काढायच्या आन् अदलाबदल करून लावायच्या. डावीची उजव्याला, उजवीची डाव्याला. आता खोट वायरीबरं दुसरीकडं गेली, तर ती वायरीत न्हायतर मशीनमधी हाय. खोटीनं जागा सोडली न्हाय, तर ती कर्ण्यात हाय. दोन मिन्टाचं काम. शिकाऊ होतो तवापासनं हेच करतोय, एकदा बी फसलो न्हाय.

तवा असं करा. डाव्या कानातलं बोंडूक उजव्यात घाला, उजव्यातलं डाव्यात. उलटं घालून ऐका. तीच बागेश्री, तोच वरचा सा. मंग मला लिहा, खोट कुठं गेली.

ह्या पत्रात दुसरं काय लिहित न्हाय. निस्तं एवढं करा.

फकीर


निमगाव केतकी,
३ मार्च

सर,

पंचवीस दिस झालं, उत्तर न्हाय. योगिनीबाई इस्टीतनं उतरल्या की मी दुकानातनं हात करतो. त्या लांबनंच मान हलवत्यात. परवा म्हनलं, "बाई, पर्समधी तळाला बघा, अडकलं आसंल." त्या म्हनल्या, "फकीरभाई, पर्समधी न्हाय, सरांच्या मनात अडकलंय. हल्ली सरांनी शिक्षकखोलीत जागा बदललीया. समद्यास्नी उजव्या अंगाला बशीवत्यात." म्या म्हनलं, "डावीकडनं ऊन लागत आसंल." त्या म्हनल्या, "तितं खिडकीच न्हाय."

मी काय इचारत न्हाय.

काल रोजं सुरू झालं. दुपारपातूर दुकानात बसवतं, मंग बसवत न्हाय. वय झालं असं परवीन म्हंती. मी म्हंतो, उन्हाळा लवकर आला.

सोळाची फीत तुटली, म्हून सतरा नंबर धाडतोय. सतार हाय, भूप. बरोबर तबला वाजवनारा घड्याळ बघत बसल्यावानी वाजवतोय, त्याच्याकडं दुर्लक्ष करा.

आन् तो कागद गावला. शेजारनीनं बंब पेटवलाच न्हवता, गादीखाली ठिवला हुता. 'मग त्यात' दाण्याचं कूट, हिरवी मिरची, आन् चवीपुरतं मीठ. श्रेया जिंकली. कार्ड त्यातच गुंडाळलंय.

पाडव्याला चार आठवडं बी ऱ्हायलं न्हायत. लिहा.

फकीर


बारामती,
९ मार्च

फकीरभाई,

क्षमस्व. दहावी-बारावीच्या परीक्षांचं पर्यवेक्षण चालू आहे. तीन तास उभं राहून दुसऱ्याच्या पोरांना वर बघू न देणं, हे काम माणसाला फार लवकर म्हातारं करतं. घरी आलं की शब्द सुचत नाही.

कागद पोचला. शेजारीणबाईंना माझा साष्टांग नमस्कार कळवा. पोथ्या वाचवणारी माणसं अशीच असतात, गादीखाली ठेवून वाचवतात. कचोऱ्या झाल्या. रताळी कमी शिजली होती, पण घराला शांतता मिळाली.

भूप ऐकला. सतार फार स्वच्छ, सकाळी झाडलेल्या अंगणासारखी. तबलजीबद्दलचं तुमचं मत मान्य. बैठक संपल्यावर त्याला सणसरच्या फाट्यावरून शेवटची गाडी गाठायची असावी. मध्ये एका ठिकाणी सतारियानं खर्जात तार छेडून इतका वेळ वाट पाहिली की मला वाटलं, कॅसेट संपली. तसं थांबणारं आता कुणी राहिलं नाही.

कानात घालायच्या त्या तारा मी कपाटात टाकल्या. शास्त्रीय संगीत ही कानात कोंबायची वस्तू नव्हे, असं माझं मत झालं आहे.

आता खरी बातमी. श्रेयाचा षड्ज बसला! चार महिन्यांची झटापट संपली. परवा सकाळी तिनं तार षड्ज लावला आणि माझी भुवई जागची हलली नाही. तिनं पुन्हा लावला, पुन्हा नाही. सौ. चहा घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली, "अगंबाई, आज घर निवलं वाटतं." श्रेया चहा न घेताच उठली. थकली असावी. पोरीनं घेतलेले कष्ट मी पाहिलेत.

त्याच दिवशी मुद्रण करून घेतलं. तीच तोडी. कार्डावर अठरा म्हणून आहे. या वेळी नाव लपवत नाही. सोमवारी, सतरा तारखेला, पुण्याला पाठवतो. तुम्ही आधी ऐका. परीक्षक म्हणून नको, चाचा म्हणून ऐका.

हिंदुराव


निमगाव केतकी,
१२ मार्च

सर,

अठरा नंबर पुन्याला धाडू नका.

मी काटा लावला. मोबाईलवर सूर मोजायचा काटा असतो, तो. काटा कुनाचा पाव्हना न्हाय, त्याला शीरखुर्मा बी चालत न्हाय. जानेवारीतली तोडी लावली. वरचा सा आला की काटा मधोमध, हालत न्हाय. मंग आत्ताची लावली. केसभर खाली.

चौदा वेळा सा घेतलाय. चौदाही वेळा तेवढाच खाली, एक बी कमीजास्त न्हाय. चुकनारा मानूस असा चुकत न्हाय सर. चुकनारा कवा वर जातो, कवा खाली. ही पोरगी मापून खाली लावतीया. कुनाच्यातरी मापानं.

खोट कुठं गेली ते तुमी लिहिलं न्हाय. मला ते पयल्या बागेश्रीलाच कळलं हुतं. बोललो न्हाय ही माजी चूक. वाटलं, तुमचं तुमाला कळू दे, मानूस मोठा हाय. पन आता पोरीच्या गळ्यावर आलंय, म्हून लिहितो. तुमच्या हातानं लिहा, आन् डागदर गाठा.

पुन्याला पंधरा नंबर धाडा. कुकर वाजू दे. ती परत कार्डात घातलीया.

कार्ड योगिनीबाईंच्या हातात दिलंय आन् म्हनलंय, शाळेत न्हाय, घरी जाऊन द्या.

फकीर


बारामती,
१९ मार्च

फकीरभाई,

खोट जागची हलली नाही.

हे वाक्य मी सात फेब्रुवारीलाच लिहायला हवं होतं, कारण ते मला सात फेब्रुवारीलाच माहीत झालं. संध्याकाळी पाच वाजता. तुमचं पत्र योगिनीबाईंनी शाळेत दिलं होतं. घरी येऊन चपला काढायच्या आधी मी तारा उलट्या घालून बसलो. चढा षड्ज उजवीकडे जाईल, मग तुम्हाला कसं खिजवायचं, त्याची वाक्यंसुद्धा तयार होती. तो डावीकडेच राहिला. पुन्हा सुलट घातल्या, पुन्हा उलट. तो डावीकडेच. मी तारा कपाटात टाकल्या आणि हातपाय धुऊन चहा घेतला.

आणि आठ तारखेला सकाळी मी श्रेयाला तार षड्जावर पुन्हा थांबवलं.

हे वाचून तुम्हाला जे वाटेल ते वाटू द्या. मला वाटलं होतं, एक दिवस जाऊ दे. थांबवलं नसतं तर आज का थांबवलं नाही, हे सांगावं लागलं असतं. नऊ तारखेला तेच. दहा तारखेला तर ते सोपं गेलं. भुवईला काय, वर जायची सवयच होती. पुढे एक दिवस ती वर गेली नाही, तेव्हा मला खरंच आनंद झाला, फकीरभाई. इतका की मी स्वतःला पटवलं, कान सुधारला. तुमचं बारा तारखेचं पत्र आल्यावर ती चौदा वेळांची ओळ मी उभ्यानंच वाचली आणि मग खाली बसलो.

शुक्रवारी डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. कुकर बरा. डाव्या कानाची शक्ती बरीच गेली आहे, आणि उरली आहे तिला वरचे सूर चढे ऐकू येतात. असं होतं म्हणे. डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, "सर, आधी का नाही आलात?" मी म्हटलं, "माझा मेकॅनिक निमगावला असतो." ते हसले नाहीत. गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितलं, म्हणजे कचोरीच्या खटल्याचा अंतिम निकालही माझ्याविरुद्धच गेला. उजवा कान सध्या ठीक आहे. सध्या, हा त्यांचा शब्द.

तो शंख मी एकतीस वर्षं शिकवला. पिवळा दिसतो, दोष डोळ्यात असतो, पुढचं सूत्र घ्या. पण शंख पिवळा दिसतो म्हणून कुणी तो रंगवून घेतला, असा दृष्टांत आमच्या शास्त्रात नाही. तो मी घातला.

शनिवारी श्रेयाला सांगितलं. सौ. समोर होती. मी म्हटलं, "दिवाळीपासून तुझा सा बरोबर होता. माझा कान बिघडलाय." सगळ्यात आधी तिनं विचारलं, "दुखतो का?" मी म्हटलं, नाही. मग ती बराच वेळ तंबोऱ्याच्या खुंट्या पुसत बसली. मग म्हणाली, "बाबा, पण मग मला का नाही कळलं?" मी म्हटलं, तुला कळलं होतं, तू मला दोन फेब्रुवारीला तसं सांगितलंही होतंस. ती म्हणाली, "हो, पण मला ते खरं नाही वाटलं." सौ. उठून आत गेली. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे, तेही मुद्दाम डावीकडून.

क्रमांक पंधरा सोमवारी पुण्याला गेला. कुकरसकट. पुण्याच्या बाई काय म्हणतील ते पाडव्याच्या आसपास कळेल. ईदला श्रेया येईल तेव्हा तुम्हाला सांगेलच. मी येईन की नाही, ते बघू. परवीनवहिनींना म्हणावं, वाटी मांडून ठेवा.

तुम्ही लिहिलंत, बोललो नाही ही माझी चूक. ती चूक मला परत करा. माझ्याकडे तशा बऱ्याच आहेत, त्यात ठेवून देतो.

आता तुम्हाला जे सांगायचं म्हणून बसलो ते. कालपासून श्रेया पुन्हा बसायला लागली आहे. आज सकाळी मी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र धरून बसलो. तोडी चालू होती. तार षड्ज आला. बरोबर होता की खाली होता, मला माहीत नाही, आणि मी ठरवायचा प्रयत्नही केला नाही. मग गाणं थांबलं आणि नुसता तंबोरा चालू राहिला. बराच वेळ पुढे काही येईना, म्हणून मी वळून बघितलं. ती माझ्या पाठीकडे बघत थांबली होती.

कान जातो आहे, त्याचं वाईट वाटतं. पण ते वयाबरोबर अंगवळणी पडेल. या पोरीचं काय करू? सोळा वर्षं तिनं सा लावला की तंबोऱ्याकडे कान द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं आणि ते मला आवडत आलं. उद्या पुण्याच्या बाईंनी तिला घेतलं तर ती तिथेही सा लावून कुणाच्यातरी तोंडाकडे बघेल. मी सांगितलंय, बघू नकोस. ती हो म्हणाली. मी सांगितलं म्हणून हो म्हणाली. मला भीती वाटते, फकीरभाई, आणि यावर काय करायचं ते मला माहीत नाही.

हिंदुराव